दवबिंदूला उपाशी ठेवायचं कसं

दवबिंदू म्हणजे पानांवर चिकट थेंब धरून किडे खाणारं झाड. पहिल्या वर्षी माझी दवबिंदूची रोपं सासूबाईंनी मारली, आणि तीही मायेने. तांदूळ धुतलेलं पाणी रोज थोडं थोडं घालत होत्या. "अगो, उपाशी ठेवलंयस की काय त्याला?" आधी पानांवरचे चिकट थेंब गेले, मग पानं काळी पडली. त्यांच्या हाताला एरवी गुण आहे. अळू, मिरच्या, अबोली, काहीही लावोत, फोफावतं. पण हे झाड उपासमारीवर वाढतं.

आमच्या राजापूरकडच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, पावसाळ्यात जाऊन बघा. कातळावर जेमतेम बोटभर माती आणि तिच्यातलं सत्त्व पावसाने केव्हाच धुऊन नेलेलं. मुळांना नत्र मिळत नाही म्हणून हे झाड पानांवर किडे धरतं. दुपारी बाराच्या उन्हातही जे दव वाळत नाही, ते दव नव्हे, डिंक. मुळाशी खत, शेण, ताक, धुवण काहीही आलं की झाड गेलंच म्हणून समजा.

आपल्याकडे सहज दिसणारे प्रकार दोन. ड्रॉसेरा बर्मानी जमिनीला चिकटून नाण्याएवढं लाल चक्र करतं, फूल पांढरं. ड्रॉसेरा इंडिका उभं वाढतं, पानं दोऱ्यासारखी, फूल बहुधा गुलाबी. सुरुवात बर्मानीने करा. इंडिकाचं बी हट्टी आहे, उन्हाळ्याचा ताव बसल्याशिवाय माझ्याकडे तरी ते उगवलेलं नाही.

सड्यावरचं झाड उपटून आणू नका. मुळं नाजूक असतात, घरी येईपर्यंतच निम्मं मेलेलं असतं. पाऊस सरल्यावर बोंडं तपकिरी होऊन सुकतात, तेव्हा सडा ज्याचा असेल त्याला विचारून एखाददुसरं बोंड घ्या, बाकीची तिथेच राहू द्या. पांढऱ्या कागदावर टिचकी मारली की काळी भुकटी पडते. खसखस त्याच्यापुढे मोठी वाटेल. कागदाच्या पुडीत घालून कोरड्या कपाटात ठेवा. इंटरनेटवर बी फ्रिजमध्ये ठेवायला सांगतात, ते थंड देशांतल्या जातींसाठी. आपल्या या दोघांना थंडीची गरज नाही.

आता माती. खरं तर माती घालायचीच नाही. दोन भाग कोकोपीट, म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा, एक भाग जाड सिलिका वाळू. कोकोपीट बादलीत भिजवून चार वेळा पिळून धुवायचं, कारण सोडणं खाडीच्या पाण्यात कुजवलेली असली तर त्यात मीठ असतं. वाळूच्या बाबतीत मी स्वतःच शहाणपणा केला होता. घरापासून पाच मिनिटांवर समुद्र, मग वाळू विकत कशाला घ्यायची? तीनदा धुतली, तरी एक बी उगवलं नाही. त्या वाळूत शिंपल्यांचा चुरा असतो आणि चुना या झाडाला चालत नाही, हे मागाहून कळलं.

कुंडी मातीची नको, तिच्यातून क्षार उतरतात. माझी सगळी रोपं श्रीखंडाच्या डब्यांत आहेत, बुडाला तापलेल्या सळईने पाडलेली पाच-सहा भोकं.

पाणी पागोळीचं. पहिल्या दोन-तीन सरी सोडून द्यायच्या, कौलांवरची घाण वाहून जाते. मग पिंपात भरून झाकण घट्ट लावायचं, नाहीतर डासांचीच पैदास होईल. सिमेंटच्या स्लॅबवरचं पाणी मी घेत नाही. साठवलेलं संपलं तर आरओचं चालतं, टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप, ५० च्या खाली असला म्हणजे झालं. विहिरीचं पाणी उकळून घालणारे भेटतात. उकळून सगळे क्षार जात नाहीत हो, उलट पाणी आटतं आणि उरलेले दाट होतात.

मृग लागून पागोळ्या स्वच्छ वाहायला लागल्या की मी पेरते. डबा आधी बशीत ठेवून खालून भिजू द्यायचा. मग कागदाला घडी घालून, त्या पन्हळीतून बी हलकेच टिचकीने पसरायचं आणि वर काहीही झाकायचं नाही. उजेड लागल्याशिवाय ते उगवत नाही. वरून पाणीही नको, एका शिंतोड्यात सगळं बी एका कोपऱ्यात जाऊन बसतं. बशीत बोटाच्या पेराएवढं पाणी कायम ठेवा. डबा पडवीच्या कडेला, आभाळ दिसेल पण झड येणार नाही असा.

दोन ते चार आठवडे काही दिसत नाही. मग एके सकाळी हिरवे ठिपके. सासऱ्यांचं पंचांग वाचायचं भिंग लावून बघितलं तर टाचणीच्या डोक्याएवढ्या रोपाला दोन-तीन लाल केसर, आणि प्रत्येकाच्या टोकाला थेंब! शेवाळ धरलं तर चिमट्याने काढा, फवारा मारू नका. रोप उपटून दुसरीकडे लावू नका, दाटी झाली तर होऊ दे.

श्रावणात ऊन पडायला लागलं की रोज चार-पाच तास थेट ऊन द्या, पानं लाल होतात. खाऊ घालण्याची हौस असेल तर एखादं चिलट पुरे. बर्मानीच्या कडेचे लांब केसर बघता बघता, काही सेकंदांत, चिलटाला आत ढकलतात. माझ्या मुलाने एकदा कोलंबीचा तुकडा ठेवला. दोन दिवसांत पानासकट बुरशी.

दसऱ्याच्या सुमारास फुलं येतात, उन्हात दोन-चार तास उघडतात. परागासाठी धडपड नको, आपल्या आपण बी धरतं. नंतर झाड काळं पडून मरतं. त्याचं आयुष्यच एका मोसमाचं, तुमचं काही चुकलेलं नाही. निम्मं बी पुडीत घ्या, निम्मं डब्यातच सांडू द्या, बशीतलं पाणी बंद करा आणि डबा मृगापर्यंत तसाच कोरडा ठेवा. माझ्या डब्यांवर मी चिठ्ठी चिकटवते: 'रिकामा नाही. श्रीखंड भरू नये.'