एप्रिलात केदारकंठा: बॅग भरायच्या आधी वारा, बर्फ आणि वणवा बघून घ्या

मुंबईत आपण हवामान म्हणून एकच गोष्ट बघतो, ती म्हणजे पाऊस, बाकी आठ महिने उकडतंय किंवा जास्तच उकडतंय, त्यात बघायचंय काय. म्हणूनच ट्रेकच्या ग्रुपवर कुणीतरी उत्तराखंडातल्या केदारकंठा शिखराच्या पायथ्याचं गाव, सांक्री, त्याच्या हवामानाचा स्क्रीनशॉट टाकतं, १८ डिग्री, पिवळाधमक सूर्य, खाली अकरा अंगठे, झालं प्लॅनिंग. दोन वर्षांपूर्वी त्या अंगठ्यांमधे माझाही होता. वरच्या कॅम्पवर रात्रभर तंबू असा फडफडत होता की शेजारी झोपलेल्या मावसभावाशी ओरडून बोलावं लागत होतं, तीनच्या सुमारास तंबूची एक काडी कट्कन मोडली, आणि पहाटे टॉर्च लावून बूट शोधले तर त्यात मूठभर बर्फ. आभाळात ढगाचा पत्ता नव्हता बरं का, तारे लखलखत होते, वाऱ्यानेच शेजारच्या उतारावरचा बर्फ उचलून आत आणून टाकलेला. अंदाज चुकला नव्हता, सूर्य खरंच निघाला सकाळी, आम्ही फक्त चुकीच्या गावाचा आणि चुकीच्या गोष्टीचा अंदाज बघितला होता. तर यंदा एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात नऊ जण जातोय, त्यांच्यासाठी हे सगळं लिहून ठेवतोय, लोकलमधे उभ्याने वाचा.

पहिली गोष्ट, गाव आणि माथा वेगळे धरा. सांक्री साधारण ६,४०० फुटांवर आणि केदारकंठा १२,५०० फुटांवर, म्हणजे मधे जवळपास १,८५० मीटरची चढण आहे. हजार मीटर वर गेलं की तापमान सरासरी साडेसहा डिग्रीने उतरतं, म्हणजे फोन गावाचे १८ दाखवत असेल तर माथ्यावर ६ धरायचे, आणि आपण माथ्यावर दुपारी नाही, पहाटे असणार, तेव्हा शून्याच्या खालीच. त्यात वारा. उणे ५ तापमानात ताशी ४० किलोमीटरचा वारा असेल तर उघड्या चामडीला ते उणे १४ सारखं लागतं, हे आपल्या कुठल्याच स्वेटरला माहीत नाही, त्यामुळे वारा अडवणारं जॅकेट आधी, लोकर नंतर. ज्यांना विकत घ्यायचं नसेल त्यांनी भाड्याने घ्या, पण घरी पंख्यासमोर घालून बघा, हवा आत लागते की नाही ते दोन मिनिटात कळतं.

आता कधी काय बघायचं. दहा दिवस आधी फक्त एवढंच बघा की पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारी पाऊस-बर्फाची वादळी हवा, येतोय का. हे विक्षोभ भूमध्य समुद्राच्या बाजूने निघतात, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान करत हिमालयावर येऊन आदळतात, हिवाळ्यात त्यांचा जोर जास्त पण एप्रिल-मेमधेही येतातच, आणि डोंगरातला बर्फ बहुतेक त्यांच्याचमुळे. दहा दिवस आधी तारीख वार धरून बसू नका, एक दिवस इकडेतिकडे होणारच. पाच दिवस उरले की आकडे वहीत लिहायला लागा, हो वहीत, कारण कालचा अंदाज आज बदलला का हे स्क्रीनवर दिसत नाही, लिहिलेलं असलं तरच दिसतं. रोज त्याच तारखेचा वारा आणि बर्फ लिहायचा, तीन दिवस आकडे जवळपास सारखे आले तर भरवसा ठेवायचा, रोज उड्या मारत असतील तर समजायचं की मॉडेललाच, म्हणजे अंदाज काढणाऱ्या कॉम्प्युटरच्या गणितालाच, अजून कळलेलं नाही. विंडी या हवामानाच्या ॲपवर युरोपियन आणि अमेरिकन असे दोन्ही मॉडेल उघडून बघा, दोघं एक बोलत असतील तर उत्तम, भांडत असतील तर वाईट बोलणाऱ्याचं ऐका. मॉडेल नकाशाच्या चौकटी पाडून हिशोब करतं, एक चौकट युरोपियनची सुद्धा ९ किलोमीटरची, आपल्या पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने बनवलेलं भारत फोरकास्ट सिस्टम मे २०२५ पासून ६ किलोमीटरवर चालतं, पण ६ किलोमीटरमधे तिकडे एक अख्खी दरी आणि एक अख्खा डोंगर बसतो, त्यामुळे मॉडेलचा डोंगर खऱ्यापेक्षा बुटका असतो हे डोक्यात असू द्या. शेवटचे दोन दिवस मात्र हवामान खात्याच्या देहरादून केंद्राचंच वाचायचं, जिल्हा उत्तरकाशी, कारण तिथे अमुक मीटरच्या वर बर्फ, अमुक वेगाचे झोत असं माणसाने विचार करून लिहिलेलं असतं. ऑरेंज अलर्ट दिसला तर वर चढायचं नाही, यावर ग्रुपमधे मतदान होणार नाही.

वारा बघताना नुसत्या जमिनीवरच्या आकड्यावर थांबू नका. विंडीत बाजूला उंचीची पट्टी असते, ती ३,००० मीटरवर न्या, मग ४,२०० वर न्या, आपला माथा ३,८०० च्या आसपास म्हणजे या दोघांच्या मधे. आणि नुसता सरासरी वारा नाही, झोतही बघा, म्हणजे गस्ट, ते मात्र विंडी जमिनीजवळचेच दाखवतं. १३ मे २०२४ ला घाटकोपरला होर्डिंग कोसळलं तो दिवस आठवा, सकाळपासून नेहमीसारखा उकाडा आणि मग एकदम धुळीचं वादळ, दिवसाची सरासरी काढली असती तर काही विशेष निघालं नसतं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, त्यामुळे ३० आणि ६० मधला फरक डबल नाही. माझा स्वतःचा नियम असा की माथ्याच्या उंचीचा वारा किंवा तिथले झोत ताशी ५० च्या वर दाखवत असतील तर त्या पहाटे निघायचं नाही, तुम्हाला भित्रा वाटत असेन तर वाटू दे, काडी माझ्या डोक्यावर मोडली होती.

बर्फाचं गणित एप्रिलमधे उलटं असतं, नवीन किती पडणार यापेक्षा जुना रात्री गोठणार का हे जास्त महत्त्वाचं. रात्री आभाळ निरभ्र आणि तापमान शून्याखाली गेलं तर बर्फ फरशीसारखा कडक होतो, मायक्रोस्पाइक, म्हणजे बुटाला अडकवायचे काटे, लावून मस्त चालता येतं, आणि ऊन वर आलं की तोच बर्फ मऊ पडून पाय गुडघ्यापर्यंत आत जातात. म्हणून पहाटे तीनला निघतात, सूर्योदयाचे फोटो हा बोनस. रात्रभर ढग राहिले तर बर्फ नीट गोठत नाही, मग तो दिवस कष्टाचा, वेळ दीडपट धरा, आणि चढ्या उतारावर ओला बर्फ घसरायची भीती वेगळी. अंदाजात पाऊस मिलिमीटरमधे देतात, १ मिलिमीटर म्हणजे ढोबळमानाने १ सेंटीमीटर बर्फ, ओला असेल तर थोडा कमी. हिमस्खलनाचं बुलेटिन चंदीगडची डीजीआरई ही संरक्षण खात्याची संस्था काढते, तेही बघायचं. सीझन संपत आला म्हणजे धोका संपला असं कुणी म्हणालं तर त्याला उत्तराखंडातल्याच सहस्रताल ट्रेकचं सांगा, जून २०२४ च्या सुरुवातीला, म्हणजे आपण मुंबईत पावसाची वाट बघत असतो तेव्हा, तिथे २२ जणांचा ग्रुप हिमवादळात अडकला आणि ९ जण गेले.

दुपारनंतर ढग वर फुगायला लागतात, गारा, विजा, हे तिकडे एप्रिल-मेमधे नेहमीचं, म्हणून बारापर्यंत माथ्याची धार सोडायचीच. विजांसाठी आयआयटीएमचंच दामिनी ॲप आहे, रेंज असेल तोपर्यंत कामाला येतं.

आता जे कुणीच बघत नाही ते, वणवा. आपल्याला वणवा म्हणजे येऊरला नाहीतर सह्याद्रीत मार्चमधे पेटणारं गवत, भसकन जळतं आणि संपतं. तिकडे पुरोला, मोरी करत आपली गाडी तासन् तास चिडाच्या, म्हणजे पाइनच्या, जंगलातून जाणार, आणि चिडाची गळलेली सुकी पानं, तिकडे त्याला पिरूळ म्हणतात, हातात घेऊन बघा, वीतभर लांब तीन-तीन सुयांचा जुडगा, बोटाला किंचित चिकट, राळ असते त्यात. त्याचा गादीसारखा थर जमिनीवर असतो, पाय ठेवला की घसरतो, काडी लागली की धुमसत राहतो. उत्तराखंडात वणव्याचा सीझन १५ फेब्रुवारी ते १५ जून धरतात, म्हणजे आपण बरोबर मधे. हिवाळ्यात बर्फ-पाऊस कमी झाला असेल तर पिरूळ आधीच कोरडं, त्यात आठवडाभर तुमचा तो पिवळाधमक सूर्य, आर्द्रता तिशीच्या खाली, आणि विक्षोभ यायच्या आदल्या दिवशी सुटणारा वारा, पाऊस अजून पोचलेला नसतो पण वारा पोचलेला असतो, तो दिवस आगीसाठी सगळ्यात वाईट. एप्रिल २०२४ मधे नैनितालला हवाई दलाचं हेलिकॉप्टर भीमतालमधून बादल्या भरून पाणी टाकत होतं ते आठवत असेल. त्यामुळे वहीत वाऱ्याच्या शेजारी आर्द्रतेचा एक रकाना पाडा, आणि शेवटचा पाऊस किती दिवसांपूर्वी झाला ते लिहा.

आग कुठे लागलीय ते नासाच्या फर्म्स नकाशावर लाल ठिपक्यांनी दिसतं, देहरादूनची फॉरेस्ट सर्व्हेसुद्धा उपग्रहावरूनच अलर्ट देते, पण एक मेख आहे. ज्यावर मुख्य भरवसा ते उपग्रह दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या आसपास वरून जातात, त्यामुळे संध्याकाळी चारला पेटलेली आग नकाशावर मध्यरात्रीनंतरच येणार, ठिपका नाही म्हणजे आग नाही असं समजून गाडी काढायची नाही, ड्रायव्हरलाच विचारायचं. आग उतारावर वरच्या दिशेने जोरात धावते, दिवसा दरीतला वारा पण वरच चढतो, म्हणून खाली धूर दिसला तर उंचावर जाऊन बघू असला शहाणपणा नको, आडवं सरका, मोकळ्या किंवा आधीच जळलेल्या जागेकडे जा, ११२ ला फोन करा. कॅम्पफायर नाही, सिगरेट तर नाहीच, ज्याला ओढायची असेल त्याने हरिद्वारलाच कोटा संपवा. धूर रात्री दरीत साचतो आणि सकाळी तिथेच बसून असतो, तेव्हा कोविडच्या वेळचे एन-९५ माळ्यावर पडले असतील ते काढा, कापडी नकोत. दमा असलेल्या दोघांनी पंप एक खिशात, एक बॅगेत.

बाकी किरकोळ, पॉवर बँक रात्री स्लीपिंग बॅगमधे घ्या, थंडीत बॅटरी बसते, काळा गॉगल हवाच, लेन्सवाल्यांनी चष्मा पण घ्या. देहरादून ते सांक्री सुमारे २०० किलोमीटर, अख्खा दिवस जातो, पाऊस झाला की दरड, म्हणून परतीचं तिकीट एक दिवस पुढचं काढलंय, ऑफिसात एक सुट्टी जास्त टाका आणि आत्ताच टाका, कारण सोमवारची मीटिंग आहे म्हणून वाऱ्यात माथा गाठणारे लोक मी पाहिलेत. आपल्या गाईडभैजींना मंगळवारी रात्री फोन करतोय, वर बर्फ कुठून सुरू होतो आणि शेवटचा पाऊस कधी झाला एवढं विचारून घेतो, अजून कुणाला काही विचारायचं असेल तर त्याआधी सांगा, आणि तोवर वही घ्या, फोनमधली नोट्स नको.