एरंडेलात फुलवलेला बाळहिरडा

माझं माहेर भीमाशंकरच्या डोंगराकडचं, आंबेगाव तालुक्यातलं. उन्हाळ्यात तिथे अंगणाअंगणात हिरडा वाळत पडलेला असतो. त्यामुळे पोट साफ होईना म्हटलं की आई उठून थेट फडताळातल्या बाळहिरड्याच्या चूर्णाकडे जायची.

दुकानात नुसता 'हिरडा' मागू नका; मोठा, पिवळट, टणक आठळीचा सुरवारी हिरडा हातात पडेल. बाळहिरडा म्हणजे आठळी धरायच्या आत काढलेलं फळ. काळं, सुरकुतलेलं, मनुकेएवढं. एक फोडून बघा. बुरशीचा वास आला तर तिथेच ठेवा.

शंभर ग्रॅम हिरडे घ्या आणि फडक्याने पुसून दोन दिवस कडक उन्हात ठेवा. ओल राहिली तर तेल अंगावर उडतं. लोखंडी कढईत दोन-तीन चमचे एरंडेल मंद आचेवर तापवा. तेल पोटात घेण्याचंच हवं, दिव्याचं नाही. हिरडे टाकून सारखे हलवत राहा. थोड्या वेळाने सुरकुत्या ताणल्या जातात आणि एकेक फळ टम्म फुगतं. फुगलं की लगेच बाहेर. मी पहिल्यांदा रंग बदलायची वाट बघत बसले होते! मुळात काळ्या फळाचा रंग काय बदलणार? अख्खा घाणा करपला, तेही वासावरून कळलं.

गार झाल्यावर हिरडा बोटांनी दाबला तरी कुडकुडीत फुटतो. मग मिक्सरला लावून चाळून घ्या. वैद्यांच्या गंधर्वहरीतकीत, म्हणजे एरंडेलात परतलेल्या हिरड्याच्या अशाच चूर्णात, सुंठ, सैंधव आणि पादेलोणही (काळं मीठ) असतं. आई फक्त चिमूटभर सैंधव घालायची, मीही तेवढंच घालते.

रात्री झोपताना अर्धा चमचा, कोमट पाण्याबरोबर. चव तुरट, तोंड वाकडं होतंच. अर्धा म्हणजे अर्धाच. आमच्या मामांनी 'लवकर गुण यावा' म्हणून दोन चमचे घेतले आणि पहाटेची एसटी त्यांच्याविनाच गेली.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी, लहान मुलांनी हे घेऊ नये. पोटात जोराची कळ, उलटी किंवा शौचातून रक्त असेल तर चूर्ण नको, डॉक्टर गाठा. रोजच्या गोळ्या चालू असतील तर आधी विचारा. आणि आठवड्याच्या वर लागोपाठ घेऊ नका, पोट आळशी होतं.

काचेच्या कोरड्या बरणीत भरा. थोडं थोडंच करा. जुनं झालं की एरंडेलाचा खवट वास मारतो.