जुन्या पेपरात बुद्धिबळाचे डाव शोधताय? या चुका टाळा, मी सगळ्या करून बसलोय

आमच्या घरात एक दंतकथा आहे. आजोबा नाशकात रविवार कारंजाजवळच्या वाड्यात राहायचे आणि १९३० च्या आसपास कधीतरी त्यांनी म्हणे बाहेरून आलेल्या एका मोठ्या खेळाडूशी बरोबरी केली, आणि "ते पेपरात आलं होतं". कोणत्या पेपरात ते कोणालाच माहीत नाही, कात्रण होतं म्हणतात पण वाडा पाडला तेव्हा ट्रंकेसकट गेलं. ते शोधायला म्हणून मी बसलो आणि चार वर्षं झाली, अजून बसलोच आहे. मधल्या काळात आपल्या ग्रँडमास्टर विदित गुजराथीमुळे नाशकात घरटी एक पोरगं बुद्धिबळ खेळायला लागलंय, त्यातल्या काही पोरांना आणि त्यांच्या पालकांना जुन्या डावांचा नाद लागलाय, आणि सगळे मला फोन करून त्याच त्याच चुका सांगतात, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

"रा. रा." ही आद्याक्षरं नाहीत हो

सगळ्यात लाजिरवाणी चूक आधी सांगतो. माझ्याकडे वर्षभर "आर. आर. जोशी" नावाची एक फाईल होती. जुन्या मराठी पेपरांत हे जोशी कधी पुण्यात खेळतायत, कधी सांगलीत, कधी मुंबईत, मला वाटलं केवढा मोठा खेळाडू आणि कोणाला नावही माहीत नाही. सार्वजनिक वाचनालयात, म्हणजे आपल्या सावानात, एका म्हाताऱ्या काकांना मोठ्या अभिमानाने ती यादी दाखवली तर ते चष्मा काढून हसायलाच लागले. म्हणाले, "अरे बाबा, रा. रा. म्हणजे राजमान्य राजेश्री. त्या काळी पेपरात माझ्या वडलांनाही रा. रा. च लिहीत." म्हणजे माझे ते एक जोशी निदान तीन-चार वेगळे जोशी होते.

तसंच "रा. ब." म्हणजे रावबहादूर, "वे. शा. सं." म्हणजे वेदशास्त्रसंपन्न, आणि "कै." तर माहीतच असेल पण एकाने तेही कैलास समजून टाईप केलेलं मी पाहिलंय. नाव टिपताना असली उपाधी वेगळ्या रकान्यात लिहा, नावाला चिकटवू नका.

आडनावावरून माणूस ओळखणं हा याचाच मोठा भाऊ. "खाडिलकर" घ्या. ब्रिटिश विजेता झालेला पंजाबचा सुलतान खान इंग्लंडहून परत आल्यावर १९३५ मध्ये ज्यांच्याशी दहा डावांचा सामना खेळला आणि ज्यात त्याने फक्त एक बरोबरी दिली ते व्ही. के. खाडिलकर वेगळे. १९७० च्या दशकात गाजल्या त्या वासंती, जयश्री आणि रोहिणी या तिघी बहिणी, त्यातली रोहिणी १९८१ मध्ये आशियाई महिला विजेती झाली, त्या वेगळ्या. आणि १९२३ मध्ये नवाकाळ काढणारे नाटककार कृ. प्र. खाडिलकर आणखी वेगळे, हे या बहिणींच्या घराण्यातले. आता नुसतं आडनाव टाकून १९२० ते ३५ सर्च केलंत तर बुद्धिबळ राहील बाजूला आणि नाटकं न् राजकारणच अंगावर येईल. आडनाव, आद्याक्षरं, गाव आणि साल, यातल्या तीन गोष्टी जुळल्याशिवाय "हाच तो" म्हणायचं नाही, असा नियम मी आता स्वतःला घालून घेतलाय.

एकाच स्पेलिंगने शोधणं

इंग्रजी पेपरात "नाशिक" टाकाल तर काही मिळणार नाही, तिथे ते "नासिक" आहे, त्याआधी "नॅसिक" डबल एसने आणि सीके लावून आहे. बंगालचे मोहेशचंद्र बॅनर्जी, ज्यांनी १८५० च्या आसपास कलकत्त्यात जॉन कॉक्रेन या साहेबाबरोबर डावांवर डाव खेळले आणि ज्यांच्या खेळण्यावरून काळ्याच्या सुरुवातीच्या चालींना "इंडियन डिफेन्स" हे नाव रूढ झालं, त्यांचं नाव मोहेशंदर, मोहिशंदर, बोनर्जी असं काहीही छापलेलं सापडतं. साहेबाला जसं ऐकू आलं तसं त्याने लिहिलं. कागदावर आधी सात-आठ स्पेलिंग काढा, मग सर्च करा.

आणि गावाचं नाव टाकून सर्च केलंत तर भलतंच काय काय येतं त्याचीही तयारी ठेवा. १९०९-१० मध्ये "नासिक" टाकलं की सगळीकडे कलेक्टर जॅक्सनचा खून, १९३० मध्ये काळाराम मंदिराचा सत्याग्रह. हे समजण्यासारखं आहे, पण मला सगळ्यात जास्त फसवलं ते "नासिक स्क्वेअर्स" ने. कोड्यांच्या कॉलमात, बुद्धिबळाच्या शेजारीच, हा शब्द दिसला आणि मी उडालोच, म्हटलं नाशिकचा पट! तर निघाले जादूचे चौरस, म्हणजे उभी-आडवी बेरीज सारखीच येणारे आकड्यांचे चौकोन. ए. एच. फ्रॉस्ट नावाचे एक मिशनरी एकोणिसाव्या शतकात इथे नाशकात राहायचे, त्यांना गणिताचा नाद, त्यांनी एका खास प्रकारच्या जादूच्या चौरसाला आपल्या गावाचं नाव दिलं. माझ्या कामाचं काही नव्हतं पण एक अख्खी रात्र त्यात गेली आणि वाईट नाही वाटलं.

मराठीत वेगळी गंमत. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांआधीचे पेपर असतील तर "बुद्धिबळें" असं अनुस्वार देऊन असतं, आणि द्ध हे जोडाक्षर स्कॅन वाचणाऱ्या मशीनला नीट वाचता येत नाही, त्यामुळे मराठी पेपरात सर्चवर विसंबूच नका, तारीख धरून पानं चाळा. कंटाळवाणं आहे पण दुसरा उपाय मला तरी सापडला नाही.

तिसऱ्याच चालीला राजा फिरायला निघाला

आता मुख्य दुखणं. जुने डाव आजच्यासारखे ई४, ई५ असे, म्हणजे उभ्या पट्टीचं अक्षर आणि ओळीचा आकडा देऊन, लिहिलेले नसतात. प्रत्येक उभ्या पट्टीला सुरुवातीला तिथे उभ्या असलेल्या मोहऱ्याचं नाव आणि घरं आपापल्या बाजूने मोजायची. म्हणजे पांढऱ्याचं "पी-के४" (प्यादं राजाच्या पट्टीत चौथ्या घरात) म्हणजे ई४ आणि काळ्याचंही "पी-के४", पण ते ई५. नवीन पोरं हमखास काळ्याचा घोडा "केटी-केबी३" (राजाकडच्या उंटाच्या पट्टीत तिसरं घर) वाचून एफ३ ला नेऊन ठेवतात, तो जायचा असतो एफ६ ला. आणि घोड्याला तेव्हा नुसतं एन नाही तर "केटी" लिहीत. स्कॅन वाचणारं मशीन त्यातला टी खाऊन टाकतं आणि उरतो "के", म्हणजे राजा! तुमच्या डावात राजा तिसऱ्या चालीला पटाच्या मध्यावर आला असेल तर पेपरवाल्याला शिव्या देऊ नका, स्कॅनचा मूळ फोटो उघडून बघा, मशीनने काढलेला मजकूर नको. ३ आणि ८, ५ आणि ६, बी आणि ८ ही जोडगोळी पण अशीच.

डाव पटावर मांडत जा, लिचेस या साईटच्या पटावर मांडला तरी चालेल, एखादी चाल बसेनाशी झाली की थांबा, पण चूक त्याच चालीत आहे असं समजू नका. बहुतेक वेळा ती दोन-तीन चाली मागे असते. "केटी-क्यू२" (घोडा वजिराच्या पट्टीत दुसऱ्या घरात) लिहिलंय आणि दोन्ही घोडे तिथे जाऊ शकत होते, तुम्ही चुकीचा नेला, आणि त्याचं बिल सहा चालींनी आलं. "पी टेक्स पी" मध्ये पण तसंच, कोणतं प्यादं कोणत्या प्याद्याला खातंय ते लिहिलेलंच नसतं. मागे जाऊन प्रत्येक फाटा बघायचा, शेवटपर्यंत सगळ्या चाली बसतात तो फाटा बरोबर असण्याची शक्यता जास्त.

आणि कृपया इंजिनला, म्हणजे बुद्धिबळाच्या कॉम्प्युटर प्रोग्रॅमला, विचारून डाव दुरुस्त करू नका. एका पोराने मला अभिमानाने सांगितलं की काका, इथे छपाईची चूक आहे, कारण इंजिन म्हणतंय वजीर फुकट जातोय. अरे, गेला असेल! माणसं तेव्हाही वजीर फुकट घालवत होती.

रंगाचं पण बघा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पांढऱ्यानेच पहिली चाल करायची असं पक्कं नव्हतं, काळ्याने सुरुवात केलेले भरपूर डाव छापलेले आहेत. डेटाबेसमध्ये ते गुपचूप उलटे करून टाकलेले असतात. तुम्ही उलटा केलात तर तसं लिहून ठेवा.

आपल्याकडच्या डावांत तर याच्याही पुढची गोष्ट. देशी पद्धतीत प्यादं पहिल्या चालीला दोन घरं जात नाही, शह बसायच्या आत राजाला एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारता येते, प्यादं पलीकडे पोचलं की ज्या पट्टीत पोचलं त्याच पट्टीचं मोहरं होतं, आणि समोरच्याचा राजा एकटा उरला की डाव तिथेच संपतो, त्याला म्हणतात बुर्जी. म्हणजे वर मी म्हटलं की फिरायला निघालेला राजा ही मशीनची चूक, ती इथे चूक नसू शकते. डाव कोणत्या नियमांनी खेळला हे आधी बघा. आसपासच्या बातमीत "देशी", "नेटिव्ह", "युरोपियन पद्धत" असं काही लिहिलंय का ते शोधा, मगच प्यादी हलवा.

पेपरची तारीख ही डावाची तारीख नव्हे

बुद्धिबळाचे कॉलम आठवड्याचे. लंडनमधला डाव बोटीने टपाल येऊन इकडे किंवा ऑस्ट्रेलियात पुन्हा छापला जायचा तोवर महिना उलटून गेलेला. "इन्स्टंट" लिहिलंय म्हणजे चालू महिना, "अल्टिमो" म्हणजे मागचा, हे नाही कळलं तर एक महिन्याने चुकता. इंग्लंडमधली हेस्टिंग्जची स्पर्धा तर वर्ष बदलताना खेळतात, सुलतान खानने माजी जगज्जेत्या कॅपाब्लांकाला हरवलं ती १९३०-३१ ची, त्यामुळे कोणी १९३० लिहितं कोणी १९३१.

मराठी पेपरात शके असेल तर ७८ मिळवा एवढं सगळ्यांना पाठ असतं, पण जानेवारीपासून पाडव्यापर्यंत ७९ मिळवायचे हे विसरतात. शके १८५६ चा माघ म्हणजे १९३५, १९३४ नाही. मी यात फसलो आणि एक अख्खं चुकीचं वर्ष चाळत बसलो.

दोन पेपर म्हणजे दोन साक्षीदार असं नसतं

एकच बातमी पाच पेपरात सापडली की आपण खूष, पक्कं झालं म्हणतो. बघायला गेलं तर पाचही जणांनी एकाच ठिकाणावरून उचललेली असते, छपाईच्या चुकीसकट. चूक तीच असेल तर समजा की मूळ एकच आहे.

बिरुदांवर तर अजिबात जाऊ नका. "ऑल इंडिया चॅम्पियन" हे त्या काळी वेगवेगळ्या माणसांच्या नावापुढे दिसतं. अखिल भारतीय बुद्धिबळ फेडरेशन झालं १९५१ ला, त्यांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५५ ला एलुरूला, तिथे आपले रामचंद्र सप्रे आणि डी. वेंकय्या संयुक्त विजेते. त्याआधीचा "चॅम्पियन" दिसला की कोणाच्या स्पर्धेचा, हे विचारा.

सुलतान खानबद्दलचे इंग्रजी पेपर वाचताना तर फारच जपून. १९२९, ३२ आणि ३३ असा तीनदा ब्रिटिश विजेता झालेला माणूस, आणि पेपर काय लिहितात, तर त्याला इंग्लंडला नेणाऱ्या सर उमर हयात खान या पंजाबी जमीनदाराचा नोकर, अडाणी, वगैरे. त्याच्या घरच्यांनी या वर्णनावर नंतर आक्षेप घेतलाय. त्या बातम्यांमधून डाव घ्या, निकाल घ्या, पण माणूस कसा होता हे त्या वार्ताहराच्या तोंडून घेऊ नका. सर उमर यांच्याच घरातल्या फातिमा, ज्या १९३३ मध्ये ब्रिटिश महिला विजेत्या झाल्या, त्यांना तर बरेचदा नुसतं "मिस फातिमा", पुढे मागे काही नाही, शोधणार कसं? अशा वेळी नावाने नाही, स्पर्धेच्या नावाने आणि तारखेने शोधायचं.

फोटो काढताना

पटकन सांगतो. आधी पेपरच्या नावाचा आणि तारखेचा फोटो, मग अख्ख्या पानाचा, मग कात्रणाचा. माझ्याकडे चाळीसएक सुंदर कात्रणांचे फोटो आहेत आणि एकाचीही तारीख नाही, ते सगळे आता वॉलपेपर म्हणून वापरायचे.

पैसे भरायच्या आधी फुकटचं संपवा. ऑस्ट्रेलियाचं ट्रोव्ह आणि न्यूझीलंडचं पेपर्स पास्ट या जुन्या पेपरांच्या साईट फुकट आहेत, लंडनचे कॉलम तिकडे पुन्हा छापलेले भरपूर सापडतात, आणि ट्रोव्हवर तर मशीनचा चुकीचा मजकूर आपल्याला दुरुस्तही करता येतो, मी "चीज" चं "चेस" किती ठिकाणी केलं असेल त्याला मोजमाप नाही. ब्रिटिश पेपरांच्या साईटला पैसे पडतात, तिथे आधी यादी करून ठेवायची आणि मग एकाच महिन्याचे पैसे भरून सपाटून कामाला लागायचं.

आजोबांच्या बरोबरीचं म्हणाल तर ती अजून सापडली नाही. पण गेल्या दिवाळीत एका इंग्रजी पेपरच्या बुद्धिबळाच्या कॉलमात, डावात नाही, खाली बारीक टाईपात कोडं बरोबर सोडवणाऱ्यांची यादी असते तिथे, आमचं आडनाव, आजोबांची आद्याक्षरं आणि पुढे "नासिक" असं दिसलं. आडनाव, आद्याक्षरं, गाव, तिन्ही जुळलं. तीन चालींत मात करायचं कोडं होतं. मी ते पटावर मांडलं, दोन दिवस डोकं लावलं, शेवटी पुढच्या आठवड्याच्या अंकात उत्तर बघितलं.