एडीएचडी असलेल्या मुलाचा आहार आणि पूरक गोळ्या: विदर्भातल्या घरासाठी मार्गदर्शक

“पोरगं एका जागी बसतच नाही,” असे सांगत तालुक्याच्या मेडिकलवर गेलेल्या आईच्या हातात बहुधा एखादे बुद्धिवर्धक टॉनिक ठेवले जाते. मुलाला खरोखर एडीएचडी (लक्ष न टिकणे आणि अतिचंचलता) आहे का, त्याच्या रक्तात लोह किती आहे, तो सकाळी काय खाऊन शाळेत जातो, यातले काहीही तेथे विचारले जात नाही. पूरक गोळ्या प्रामुख्याने शरीरातली उणीव भरून काढतात. जेथे उणीव आहे तेथे त्यांचा उपयोग होतो. जेथे नाही तेथे तो फारच थोडा होतो किंवा होतच नाही. त्यामुळे आधी उणीव शोधावी, मग ताट सुधारावे आणि त्यानंतरच गोळीचा विचार करावा.

निदान आधी

एडीएचडी ही मेंदूच्या वाढीशी संबंधित अवस्था आहे. तिच्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो, आणि आईवडिलांनी धाक न दाखवल्यामुळे किंवा गोड जास्त दिल्यामुळे ती होत नाही. लक्षणे बाराव्या वर्षाच्या आत सुरू झालेली असावीत, किमान सहा महिने टिकलेली असावीत आणि घर व शाळा अशा दोन्ही ठिकाणी दिसावीत, असा निदानाचा निकष आहे. कमी ऐकू येणे, चष्म्याची गरज असणे, टॉन्सिल वाढल्यामुळे घोरणे व झोपमोड होणे, किंवा अपस्मारातले क्षणभर हरवून जाण्याचे झटके, यांमुळेही मूल दुर्लक्ष करणारे वाटू शकते, म्हणून ही कारणे आधी तपासून घ्यावीत. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते, त्याला मूल जरूर दाखवावे. पुढील तपासणीसाठी नागपूर, यवतमाळ, अकोला, चंद्रपूर व गोंदिया येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत आणि सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालय आहे. प्रवास लगेच जमत नसेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर मराठीत सल्ला मिळतो.

डॉक्टरांनी मिथाइलफेनिडेट किंवा ॲटोमॉक्सेटिन सुरू केले असेल, तर आहार सुधारला म्हणून ते परस्पर बंद करू नये. या औषधांचा परिणाम कोणत्याही पूरक गोळीपेक्षा कितीतरी स्पष्टपणे सिद्ध झालेला आहे.

रक्ततपासणी, आणि विदर्भात सिकलसेलची चाचणी

लोहाची कमतरता असलेल्या मुलांमध्ये चिडचिड, थकवा आणि एकाग्रतेचा अभाव दिसतो. एडीएचडी असलेल्या काही मुलांमध्ये फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, कमी आढळलेला आहे. हिमोग्लोबिन ठीक असूनही हा साठा रिकामा असू शकतो, म्हणून दोन्ही तपासण्या सांगाव्यात. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार पाच ते अकरा वर्षांच्या मुलाचे हिमोग्लोबिन 11.5 ग्रॅमपेक्षा कमी असल्यास ते पंडुरोगात मोडते, आणि पाच वर्षांवरील निरोगी मुलाचे फेरिटिन 15 च्या खाली असल्यास लोहाचा साठा संपत आला असे समजतात. ताप किंवा जंतुसंसर्ग असताना फेरिटिन खोटेच वाढलेले दिसते, त्यामुळे मूल बरे असतानाच रक्त द्यावे.

आपल्या भागात, विशेषतः गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा व नागपूर या पट्ट्यात, सिकलसेल (तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होणारा आनुवंशिक आजार) व त्याचे वाहक मोठ्या प्रमाणात आहेत. सिकलसेल आजार असलेल्या मुलाचा अशक्तपणा पाहून डोळे झाकून लोहाच्या गोळ्या सुरू करणे धोक्याचे ठरू शकते, कारण रक्त चढवले जात असेल तर शरीरात लोह आधीच साठलेले असते. शिवाय या आजारात मेंदूत बाहेरून न जाणवणारे लहान आघात होऊ शकतात आणि त्यांचा थेट परिणाम एकाग्रतेवर होतो. म्हणजे ज्याला आपण एडीएचडी समजतो त्यामागे वेगळेच कारण असू शकते. सिकलसेलची प्राथमिक चाचणी सरकारी दवाखान्यात होते, आणि माझ्या मते ती लोहाच्या पहिल्या गोळीआधी झालीच पाहिजे.

फेब्रुवारी व ऑगस्टमध्ये शाळेत व अंगणवाडीत मिळणारी जंतनाशक गोळी चुकवू नये. शेतात अनवाणी फिरणाऱ्या मुलांना अंकुशकृमी होतात, ते आतड्यातून रक्त शोषतात, आणि मग वरून दिलेले लोह गळक्या माठात पाणी ओतल्यासारखे जाते.

सकाळचे खाणे

गावातल्या बऱ्याच घरांत मूल चहा आणि टोस्ट खाऊन शाळेत जाते. चहातल्या टॅनिनमुळे अन्नातले लोह नीट शोषले जात नाही आणि अकरा वाजेपर्यंत पोट रिकामे होते. त्याऐवजी रात्रीच्या भाकरीसोबत घट्ट वरण, बेसनाचा झुणका, उकडलेले अंडे, मोड आलेल्या मटकीची उसळ किंवा दही आणि मूठभर फुटाणे यांपैकी काहीही द्यावे. प्रथिनांमुळे एडीएचडी बरा होतो असे नाही. पण भुकेले मूल आधीच अवघड असलेला तास आणखी अवघड करून घेते, हे कोणत्याही मॅडम सांगतील. चहा द्यायचाच असेल तर जेवणानंतर किमान तासाभराने द्यावा, आणि संध्याकाळी देऊच नये, कारण त्याने झोप उडते आणि अपुरी झोप एडीएचडीची सर्व लक्षणे वाढवते.

मिथाइलफेनिडेट घेणाऱ्या मुलासाठी सकाळचे खाणे अधिक महत्त्वाचे असते. या औषधाने दुपारची भूक मरते, शाळेतली खिचडी ताटात तशीच राहते, आणि मूल नखरे करते असा समज होतो. म्हणून गोळीच्या आधी पोटभर न्याहारी द्यावी, औषधाचा जोर ओसरल्यावर, म्हणजे संध्याकाळी, पुन्हा भरपूर खाऊ घालावे आणि दर महिन्याला अंगणवाडीत किंवा उपकेंद्रात वजन करून घ्यावे. वजन सतत घटत असेल किंवा उंची अडत असेल, तर ते डॉक्टरांना लगेच सांगावे.

लोहासाठी तरोट्याची व राजगिऱ्याची भाजी, तीळ, अळीव, चवळी आणि चालत असल्यास कलेजी उपयोगी असते. वरणावर लिंबू पिळणे किंवा जेवणासोबत संत्र्याच्या चार फोडी देणे स्वस्त आणि परिणामकारक आहे, कारण क जीवनसत्त्वामुळे भाज्यांतले लोह अधिक शोषले जाते. (गुळात लोह असते हे खरे, पण लोक समजतात तितके नाही.) जस्त तिळातून, शेंगदाण्यांतून, हरभऱ्यातून आणि अंड्यातून मिळते; कडधान्याला मोड आणल्यास ते शरीराला अधिक सहज मिळते.

जवस आणि मासळी

ओमेगा-3 स्निग्धाम्लांबद्दल सर्वांत जास्त बोलले जाते. त्यांच्यावरील चाचण्यांचे निष्कर्ष मिश्र आहेत. काहींत लहानसा फायदा दिसला, काहींत दिसला नाही. आपल्याकडे जवस पिकते आणि त्यात यांपैकी एक प्रकार भरपूर असतो, पण मेंदूला उपयोगी पडणाऱ्या ईपीए आणि डीएचए या प्रकारांत त्याचा फार थोडा भाग रूपांतरित होतो. तरीही जवसाची चटणी अवश्य ठेवावी, कारण ती स्वस्त आहे आणि तिच्या निमित्ताने भाकर जास्त जाते. जवस मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजावे, थंड झाल्यावर लसूण, लाल मिरची, जिरे आणि मीठ घालून भरड कुटावे. अख्खे दाणे पचत नाहीत, म्हणून कुटणे टाळू नये. एका वेळी आठवडाभर पुरेल एवढीच चटणी करावी, कारण कुटलेल्या जवसाचे तेल लवकर खवट होते. पूर्व विदर्भात तलावांतली मासळी सहज मिळते, ती आठवड्यातून एकदोनदा खाल्ल्यास ईपीए व डीएचए थोडेफार थेट मिळते.

मासळी खात नसल्यास किंवा डॉक्टरांनी सुचवल्यास मत्स्यतेलाच्या कॅप्सूलचा विचार करता येतो. तेव्हा डबीच्या पुढच्या बाजूवरील मोठा आकडा पाहू नये. “1000 मिलिग्रॅम” हा तेलाचा आकडा असतो. मागच्या बारीक अक्षरांत बहुधा ईपीए 180 आणि डीएचए 120 मिलिग्रॅम लिहिलेले सापडते, आणि कामाचा आकडा तो. कॉड लिव्हर ऑइल ही वेगळी वस्तू आहे. त्यात अ जीवनसत्त्व असते आणि ते शरीरात साठून घातक ठरू शकते, म्हणून मात्रा वाढवण्यासाठी त्याच्या जास्त गोळ्या देऊ नयेत. डबीवर एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा 14 अंकी परवाना क्रमांक असावा. अशा उत्पादनावर ते औषधी वापरासाठी नसल्याचे लिहिलेले असते, हे विक्रेत्याच्या दाव्यांसमोर ठेवून पाहावे.

कोणती गोळी, किती, आणि कोणती नको

लोह तपासणीत कमी निघाले तरच आणि डॉक्टर सांगतील त्या मात्रेतच द्यावे. शाळेत आठवड्याला मिळणारी गोळी, पाच ते नऊ वर्षांसाठी गुलाबी आणि दहा ते एकोणीस वर्षांसाठी निळी, मूल घेत असल्यास ते डॉक्टरांना सांगावे, म्हणजे मात्रा दुप्पट होणार नाही. लोहाने शौचाचा रंग काळा होतो, त्याला घाबरू नये. मात्र धाकट्या भावंडाने गोड समजून मूठभर गोळ्या खाल्ल्या तर ती जिवावरची विषबाधा असते. डबी फडताळाच्या वरच्या खणात ठेवावी, आणि असे घडल्यास उलटीची वाट न पाहता मुलाला दवाखान्यात न्यावे.

जस्त दीर्घकाळ जास्त घेतल्यास तांब्याची कमतरता होते, आणि ब-6 फार मोठ्या मात्रेत घेतल्यास मज्जातंतूंना इजा होते. ब्राह्मीवरील अभ्यास लहान आहेत. भस्मयुक्त औषधे मुलांना देऊ नयेत, कारण अशा काही औषधांत शिसे आढळलेले आहे, आणि शिसे स्वतःच मुलांची एकाग्रता बिघडवते.

साखरेने मूल चंचल होते हा समज 1995 च्या संशोधन-आढाव्यात टिकला नाही; साखर कमी करावी ती दातांसाठी आणि भुकेसाठी. कृत्रिम रंगांचे प्रकरण थोडे वेगळे आहे. 2007 साली साउदॅम्प्टन येथील प्रयोगात काही रंग आणि सोडियम बेन्झोएट यांच्या मिश्रणाने सामान्य मुलांचीही चंचलता किंचित वाढलेली दिसली, आणि 2010 पासून युरोपात त्या रंगांवर इशारा छापणे सक्तीचे आहे. बाजाराच्या दिवशी मिळणाऱ्या भडक पिवळ्या-केशरी गोळ्या आणि बर्फाच्या कांड्या बंद केल्याने मुलाचे काहीच बिघडत नाही. मात्र गहू, दूध, अंडी सगळे एकदम बंद करणारा आहार आहारतज्ज्ञाशिवाय करू नये. आधीच किडकिडीत असलेल्या मुलाचे त्याने नुकसान होते.

तीन महिने, एका वेळी एकच बदल

बदल एका वेळी एकच करावा, अन्यथा कशाचा उपयोग झाला हे कळत नाही. मुलात दिसणाऱ्या अडचणींपैकी तीन निवडाव्यात, उदाहरणार्थ गृहपाठ अर्धवट सोडणे, वर्गात उठून फिरणे, रात्री उशिरा झोपणे. आणि शिक्षकांनी व घरच्यांनी त्या दर रविवारी शून्य ते तीन गुणांत वेगवेगळ्या लिहाव्यात. एकमेकांचे आकडे पाहून लिहू नयेत. मत्स्यतेलाचा परिणाम, झाला तरी, सुमारे बारा आठवड्यांनी ध्यानात येतो. तोवर फरक नसेल तर ते थांबवावे आणि वाचलेले पैसे अंड्यांवर खर्च करावेत. लोहाच्या बाबतीत मात्र गुणांपेक्षा पुन्हा केलेल्या फेरिटिनच्या चाचणीवर विसंबावे, आणि त्या भेटीला जाताना घरातल्या सर्व डब्या, चूर्णे व शाळेतल्या गोळ्यांची नोंद एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवावी.