रस्त्यात अपघात दिसल्यावर एकट्या दुचाकीस्वाराने काय करावे

आलापल्लीहून सिरोंचाकडे, दर्यापूरहून अंजनगावकडे किंवा वणीहून मारेगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर अपघात झाला, तर जखमीपाशी सर्वांत आधी पोहोचणारा माणूस पुष्कळदा दुचाकीवरचाच असतो. जखमीला झोपवून नेण्याची सोय त्याच्याजवळ नसते, बरोबर कोणी नसते आणि डिक्कीत पाण्याची बाटली, गळ्यात दुपट्टा आणि खिशात मोबाइल यापलीकडे साधनही नसते. तरीही पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत त्याला बरेच काही करता येते. अट एवढीच, की कामांचा क्रम त्याने चुकवू नये आणि जमणाऱ्या गर्दीला जखमीची उचलाउचल करू देऊ नये.

थांबावे की नाही, हा प्रश्न आपल्याकडे अजूनही पोलिसांच्या धास्तीने अडतो, म्हणून कायद्याची बाजू आधी सांगतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने १३४ अ हे कलम आले. सद्भावनेने आणि स्वेच्छेने, मोबदल्याची अपेक्षा न ठेवता जखमीला तातडीची मदत करणाऱ्यावर, ती करताना काही चूक झाली आणि जखमीला इजा पोहोचली किंवा तो दगावला तरीही, दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, असे हे कलम सांगते. त्याखालील नियम सप्टेंबर २०२० मध्ये अधिसूचित झाले. त्यांनुसार मदत करणाऱ्यावर नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही. तो स्वतःहून साक्षीदार व्हायला तयार असेल, तरच त्याचा जबाब घेतला जातो. सर्वोच्च न्यायालयानेही ३० मार्च २०१६ च्या निकालाने मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली होती. पोलिसांचे कागद होईपर्यंत डॉक्टरांनी उपचार थांबवू नयेत, हे तर त्याच न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितले आहे. मात्र हे संरक्षण वाटेने जाणाऱ्या तिऱ्हाइतासाठी आहे. ज्याच्या गाडीने अपघात झाला, त्याच्यासाठी ते नाही.

आधी रस्ता, मग जखमी

अपघात दिसताच करकचून ब्रेक मारू नये, कारण मागून ट्रक येत असण्याची शक्यता असते. अपघाताच्या जागेच्या थोडे पुढे जाऊन गाडी आपल्या बाजूच्या साइडपट्टीवर घ्यावी आणि इंडिकेटर सुरू ठेवावा. पावसाळ्यात काळ्या मातीच्या साइडपट्टीत साइड स्टँड रुतून गाडी आडवी होते, म्हणून स्टँडखाली चपटा दगड घालावा. रात्र असेल तर हेडलाइटचा उजेड जखमीवर पडेल, पण समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जाणार नाही, अशा बेताने गाडी वळवावी.

त्यानंतरचे काम जखमीला हात लावण्याचे नाही, तर येणारी वाहने थोपवण्याचे आहे. ताशी ८० किलोमीटर वेगाने येणारे वाहन एका सेकंदात सुमारे २२ मीटर अंतर कापते. म्हणजे शंभर मीटर आधी इशारा दिसला, तर त्या चालकाला साडेचार सेकंद मिळतात. हाताशी जे असेल ते वापरावे. ओढ्याकाठी आणि रस्त्याच्या कडेला सर्वत्र माजलेल्या बेशरमच्या फांद्या तोडून दोन्ही बाजूंना शंभर पावलांवर टाकाव्यात, आणि दुसरा माणूस येताच त्याला दुपट्टा किंवा टॉर्च हलवत वळणाच्या अलीकडे उभे करावे. आपल्याकडचे अनेक अपघात रोही (नीलगाय) किंवा रानडुक्कर आडवे आल्याने, मागे दिवा नसलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीवर किंवा कापसाच्या बैलबंडीवर आदळून, वाळत घातलेल्या सोयाबीनवरून चाक घसरून किंवा शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरने रस्त्यावर आणलेल्या चिखलामुळे होतात. ते कारण आपण पोहोचतो तेव्हाही तिथेच असते आणि मागून येणाऱ्यालाही पाडू शकते, हे ध्यानात ठेवावे.

पडलेल्या गाडीची चावी बंद करावी, पेट्रोल सांडले असेल तर बिडी-सिगारेट दूर ठेवायला लावावी. वाहन विजेच्या खांबाला धडकून तार खाली आली असेल, तर जखमी कितीही विव्हळत असला तरी वीजपुरवठा बंद झाल्याची खात्री होईपर्यंत जवळ जाऊ नये. महावितरणचा १९१२ हा क्रमांक त्यासाठी आहे. ट्रॉलीखाली माणूस दबला असेल तर चाकांना दगडांची उटी लावल्याशिवाय ट्रॉली उचलू देऊ नये, कारण अर्धवट उचललेली ट्रॉली पुन्हा त्याच्याच अंगावर येते.

फोन

रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसह सर्व तातडीच्या मदतीसाठी ११२ आणि राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३. आपल्या राज्यातील १०८ ची सेवा २०१४ पासून चालू असून तिच्या गाडीत डॉक्टर असतो. म्हणून फोनवर जे विचारले जाईल त्याची उत्तरे घाई न करता द्यावीत आणि पलीकडचा माणूस सांगेपर्यंत फोन ठेवू नये. जागा सांगताना ‘मोठ्या निंबाजवळ’ असे सांगून भागत नाही. कोणत्या गावाहून कोणत्या गावाकडे जाणारा रस्ता, शेवटचे मागे टाकलेले गाव कोणते आणि किलोमीटरच्या दगडावर काय लिहिले आहे, हे सांगावे. दगडाचे डोके पिवळे असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवे असेल तर राज्यमार्ग. जखमी किती, कोणी अडकले आहे का, श्वास चालू आहे का, एवढे त्यात जोडावे. मेळघाटात किंवा गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात रेंज नसेल, तर पहिल्या येणाऱ्या वाहनाला पुढच्या गावी पिटाळावे आणि तिथल्या पोलीस पाटलाला कळवायला सांगावे. गावातली बातमी ठाण्यापर्यंत पोहोचवणे हे त्याचे कामच आहे.

जखमीपाशी

जखमीला दिसेल अशा बाजूने जवळ जावे, म्हणजे आपल्याकडे पाहण्यासाठी त्याला मान वळवावी लागणार नाही. ‘भाऊ, हालू नका, मी इथंच आहो, गाडी येऊन राहिली,’ असे म्हणत खाली बसावे. तो बोलला, म्हणजे श्वास चालू आहे हे आपल्याला तेवढ्यात कळते. मी पहिल्यांदा अशा प्रसंगी थांबलो तेव्हा पाण्याची बाटली उघडत धावलो होतो, कारण पडलेल्याला पाणी पाजायचे हेच लहानपणापासून पाहिलेले. ती चूक होती. शुद्ध हरपत चाललेल्या माणसाच्या घशातून पाणी श्वासनलिकेत जाऊ शकते, आणि शस्त्रक्रिया लागणार असेल तर भरलेले पोट अडचण करते. तोंडात पाणी, चहा, गोळी काहीही देऊ नये; फार तर ओठ ओले करावेत. जखमेत हळद, माती, चुन्याची पेस्ट हेही नको.

सर्वांत आधी वाहते रक्त पाहावे. हाताला प्लास्टिकची पिशवी गुंडाळून, दुपट्ट्याची जाड घडी जखमेवर ठेवावी आणि तळहाताने घट्ट दाबावे. दहा मिनिटे मध्येच उचलून पाहू नये. घडी भिजली तर ती न काढता वर दुसरी ठेवावी. जखमेत काच, सळई किंवा लाकूड रुतलेले असेल तर ते उपसू नये, त्याच्या दोन्ही बाजूंनी दाब द्यावा. हातापायातून रक्ताची चिळकांडी उडत असेल आणि दाबूनही थांबत नसेल, तेव्हाच आवळपट्टी बांधावी: किमान दोन इंच रुंद कापड, जखमेच्या वर चार बोटांवर, गुडघा किंवा कोपर सोडून, त्यात काठी अडकवून रक्त थांबेपर्यंत पिळावे, बांधल्याची वेळ लिहून ठेवावी आणि दवाखान्यापर्यंत ती सैल करू नये. सुतळी किंवा तार यासाठी वापरू नये, ती मांसात रुतते.

नंतर मान. पडलेल्या माणसाच्या मानेला किंवा पाठीच्या कण्याला मार लागला आहे, असेच धरून चालावे. आग, वाहते पाणी किंवा थोपवता न येणारी वाहने यांचा धोका असेल तरच त्याला हलवावे, आणि तेव्हाही हातपाय धरून उचलू नये. बगलेखाली धरून, डोके दोन्ही हातांच्या आत सांभाळत, शरीराच्या रेषेत सरळ ओढावे. श्वास चालू असेल तर हेल्मेट काढू नये, फक्त काच वर करावी. हेल्मेटमुळे श्वास अडत असेल, तरच एकाने खालून मान आणि जबडा स्थिर धरावा आणि दुसऱ्याने पट्टा सोडून, बाजू फाकवून ते हळू काढावे.

बेशुद्ध माणूस घोरल्यासारखा आवाज करत असेल, तर जीभ मागे पडली आहे असे समजावे. डोके मागे न वाकवता जबड्याचे दोन्ही कोपरे बोटांनी पुढे ढकलावेत. उलटी येत असेल तर दोघा-तिघांनी डोके, मान आणि धड एका रेषेत ठेवून त्याला ओंडक्यासारखे एकदम कुशीवर करावे. एकटेच असाल तरी कुशीवर करावेच, कारण मानेच्या काळजीपोटी माणूस उलटीत गुदमरू देणे चूक ठरेल. श्वास नसेल किंवा नुसते आचके येत असतील, तर छातीच्या मध्यावर दोन्ही तळहात ठेवून मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटीमीटर खोल दाबत राहावे. अपघाताच्या जखमांनी थांबलेले हृदय असे करून सुरू होण्याची शक्यता कमी असते, हे खरे. पण न दाबल्यास तीही उरत नाही.

मे महिन्यात दुपारी डांबर हाताला चटका देते आणि त्यावर पडलेल्याची कातडी भाजू शकते. पाठ न हलवता उघड्या अंगाखाली कापड सरकवता आले तर सरकवावे, आणि चौघांनी चादर धरून सावली करावी. हिवाळ्याच्या रात्री उलट, अंगावर पांघरूण घालावे. रक्त गेलेल्या माणसाला थंडी फार लवकर बाधते.

गर्दीला काम द्यावे, नाही तर ती स्वतःचे काम शोधते; एक तर ‘उचला रे’ म्हणून धावते किंवा धडक देणाऱ्या चालकाला मारायला धावते. ज्याचा आवाज सर्वांत मोठा, त्याला वाहने थांबवायला पाठवावे, हा माझा अनुभवाचा उपाय आहे. चालकाला मारहाण सुरू झाली तर दोन जखमी होतात आणि येणारी रुग्णवाहिका एकच असते.

रुग्णवाहिका लांब असेल तर

१०८ ने किती वेळ लागेल ते सांगितले, की मग निर्णय घ्यावा. कायद्याने ‘सुवर्णतास’ म्हणून इजेनंतरचा पहिला एक तास धरला आहे. रुग्णवाहिकेला त्याहून उशीर होणार असेल आणि रक्त थांबत नसेल, तर पिकअप किंवा छोटा हत्ती थांबवावा, शेतातल्या झोपडीतली बाज किंवा दाराची फळी आणावी आणि चार-पाच जणांनी एका आवाजावर, मान धरूनच, जखमीला तिच्यावर घ्यावे. दुचाकीवर दोघांच्या मध्ये बसवून नेणे मात्र टाळावे. खेड्यात हे सर्रास होते, आणि लोंबकळणाऱ्या मानेला त्याहून वाईट काही नाही. कोणत्या दवाखान्यात न्यायचे ते १०८ वरच्या डॉक्टरांना विचारावे. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त थांबवून पुढे पाठवणे काही वेळा योग्य असते, तर डोक्याला मार असेल तेव्हा थेट मोठा दवाखाना गाठणे बरे. उपचाराच्या पैशांची काळजी नातेवाइकांना असते. त्यांना सांगावे, की रस्ते अपघातातील जखमींसाठी मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या केंद्राच्या योजनेत ठरवून दिलेल्या दवाखान्यांत सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचा उपचार रोख पैसे न भरता मिळतो. गंभीर जखमीला सुवर्णतासात दवाखान्यात पोहोचवणाऱ्यास ‘राह-वीर’ योजनेखाली २५,००० रुपये देण्याचीही तरतूद आहे.

सोपवून निघताना

डॉक्टरांना चार गोष्टी सांगाव्यात: अपघात किती वाजता आणि कसा झाला, शुद्ध मधे हरपली होती का, उलटी झाली का, आणि आपण काय केले. जखमीचा मोबाइल, पाकीट, अंगावरचे सोने दोघांसमोर मोजून पोलिसांच्या किंवा पोलीस पाटलाच्या हाती द्यावे. त्याच्या फोनवर घरून फोन आला तर उचलावा, आपले नाव सांगावे किंवा न सांगावे, पण ‘अपघात झाला आहे, अमुक दवाखान्यात नेत आहोत, तिथे या’ एवढेच सांगावे. जखम किती मोठी, माणूस वाचेल की नाही, हे आपण सांगू नये. फोटो काढायचे तर वाहनांच्या स्थितीचे काढावेत, जखमीच्या चेहऱ्याचे नाही.

हात साबणाने कोपरापर्यंत धुवावेत. आपल्या हाताला ओली जखम असून तिच्यावर दुसऱ्याचे रक्त आले असेल, तर त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात दाखवावे, कारण एचआयव्ही रोखणारी औषधे ७२ तासांच्या आतच, आणि जितकी लवकर तितकी चांगली, सुरू करावी लागतात.

पोलिसांनी जागा मोकळी केल्यावर निघण्याआधी दोन्ही बाजूंना टाकलेल्या फांद्या आणि ठेवलेले दगड आठवणीने उचलावेत. सगळे पांगल्यावर ते रस्त्यावरच राहतात, आणि अंधारात त्यांच्यावर येऊन आदळणारा पुन्हा दुचाकीवालाच असतो.