इंग्रजी ऐकून-वाचून कळतं का, हे खरंच तपासणारी चाचणी कशी काढावी

आधी हे वाक्य वाचा : ‘काल दुपारी एका झिपूरने लोंगरावर तीन चिरमटे फदकावली.’ आता सांगा, चिरमटे कोणी फदकावली? किती? कुठे? कधी?

चारपैकी चार गुण. आणि कळलं काय? शून्य.

माध्यमिक वर्गांच्या कितीतरी आकलन चाचण्या अशाच असतात. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा, त्याच्या आजूबाजूचं वाक्य उतरवून काढायचं, झालं. मुलं यात तरबेज होतात, पालक गुणपत्रिका पाहून खूश होतात आणि पुढे साधी इंग्रजी सूचना कानावर पडली की तीच मुलं एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. ‘सोपे आणि कठीण प्रश्न यांचा समतोल साधा’ छापाचे सल्ले इथे कुचकामी आहेत. प्रश्न सोपा की कठीण हे नंतर बघू. तो आकलनाचा आहे का, हे आधी बघायचं. मी वर्षानुवर्षं पेपर काढत आले आहे. माझी पद्धत अशी.

काय तपासायचं ते आधी लिहून काढा

मुख्य मुद्दा, तपशील, न सांगता सुचवलेली गोष्ट, बोलणाऱ्याचा किंवा लिहिणाऱ्याचा हेतू. या चारांपुढे किती प्रश्न हवेत ते आकड्यात लिहा. नाही लिहिलं तर सगळे प्रश्न तपशिलाचेच निघतात.

उतारा निवडणं

पाठ्यपुस्तकातला उतारा घेऊ नका. वर्गात घोकून झालेल्या धड्यावर प्रश्न विचारले की स्मरणशक्ती तपासली जाते, वाचन नाही. अपठितच हवा, आणि विषयही असा हवा की त्यातली माहिती मुलांना आधीपासून नसेल. सूर्यमाला, मधमाश्या, प्रदूषण हे विषय बाद. प्रदूषणावरचा उतारा न वाचताही प्रदूषणावरचे प्रश्न सुटतात. त्यापेक्षा कोणा एकाचा एका दिवसाचा प्रसंग, एखादी सूचना, दोन मित्रांमधली ईमेलची देवाणघेवाण असं काही घ्या. तिथे काय घडलं ते वाचल्याशिवाय कळायला मार्ग नसतो.

शब्दांचं म्हणाल तर शंभरात दोन ते पाच अनोळखी शब्द चालतात. त्याहून जास्त झाले की मुलं अंदाजाने पुढे सरकू शकत नाहीत. उतारा झेपेल का याची शंका असेल तर एक जुना उपाय आहे. पहिलं वाक्य तसंच ठेवून पुढचा दर पाचवा शब्द गाळा आणि त्याच पातळीच्या, पण ही चाचणी न देणाऱ्या चार-पाच मुलांना जागा भरायला द्या. निम्म्याच्या आसपास जमल्या तर उतारा वापरण्याजोगा. विल्सन टेलर यांनी 1953 साली ही क्लोझ पद्धत मांडली ती मजकूर किती वाचनीय आहे हे मोजण्यासाठीच. आज ती सरसकट मुलांना गुण देण्यासाठी वापरली जाते आणि त्यात निम्मं व्याकरणच तपासलं जातं. मी ती उतारा पारखण्यापुरतीच ठेवते.

एका लांबलचक उताऱ्यापेक्षा तीन छोटे बरे. एखाद्याला एक विषय अगदीच परका निघाला तर त्याचा सगळा पेपर बुडत नाही.

ऐकण्याचा मजकूर

वाचनाचा उतारा मोठ्याने वाचून दाखवणं म्हणजे श्रवण चाचणी नव्हे. लिहिलेली वाक्यं लांब आणि गच्च असतात. बोलताना माणूस तुकड्यातुकड्यांत बोलतो, मध्येच थांबतो, तेच दुसऱ्या शब्दांत पुन्हा सांगतो, बोलता बोलता स्वतःला दुरुस्त करतो. म्हणून पूर्ण संहिता लिहूच नका. मुद्दे कागदावर ठेवा, दोन चांगल्या बोलणाऱ्यांना समोरासमोर बसवा आणि बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करा. दोन आवाज सहज वेगळे ओळखू आले पाहिजेत, नाहीतर कोण काय म्हणालं यातच मुलं अडकतात.

वेगाबद्दल एक चुकीचा सल्ला फार पसरला आहे : मुलांना कळावं म्हणून एकेक शब्द सुटा करून सावकाश बोला. असं करूच नका. इंग्रजीत ‘टू’, ‘ऑफ’, ‘अँड’ हे शब्द बोलण्याच्या ओघात जवळजवळ गिळले जातात, ‘वॉन्ट टू’चं ‘वॉना’ होतं. हे गिळलेले शब्द पकडता येणं हेच तर ऐकण्याचं कौशल्य, आणि सुटे शब्द बोलून तुम्ही तेच काढून टाकता. सहज इंग्रजी बोलणं मिनिटाला साधारण 150 शब्दांच्या आसपास असतं. माध्यमिकच्या मुलांसाठी 120 ते 140 ठेवा. वेग कमी करायचा तो दोन वाक्यांमधली विश्रांती वाढवून, दोन शब्दांमधली नव्हे.

एकदा ऐकवायचं की दोनदा? आयईएल्ट्स या इंग्रजीच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेत एकदाच ऐकवतात, केंब्रिजच्या बी 1 प्रिलिमिनरी परीक्षेत दोनदा. माझ्या मते शाळेत दोनदाच. पहिल्या खेपेला कोणीतरी खोकतं, बाक सरकतो, आणि त्या आवाजाची शिक्षा मुलाच्या गुणांना नको. मात्र ऐकवण्याआधी प्रश्न वाचायला वेळ द्या. आपण काय शोधत ऐकायचं आहे हे माहीत नसताना ऐकणं ही पुन्हा स्मरणशक्तीचीच परीक्षा.

प्रश्न काढणं : खरी मेहनत इथे

बाकी सगळं अर्ध्या दिवसाचं काम. हा टप्पा मात्र मला जमायला फार वेळ लागला आणि अजूनही पेपरचा बहुतेक वेळ इथेच जातो. एक उदाहरण घेऊन बघू. समजा फोनवरचा निरोप असा आहे (चाचणीत अर्थात इंग्रजीतून) :

‘अरे, सामना रद्द नाही झालेला. रात्रीच्या पावसाने मैदानाची वाट लागली आहे, म्हणून हॉलमध्ये खेळणार आहोत. वेळ तीच, चारची. फक्त ते खिळ्यांचे बूट नको आणूस, फरशीवर चालणार नाहीत म्हणाले सर.’

पहिला प्रश्न सुचतो तो असा : सामना हॉलमध्ये का होणार? (अ) पावसाने मैदान खराब झालं (ब) मैदान कोणीतरी विकलं (क) कोणालाच खेळायचं नाही. हा प्रश्न कान बंद ठेवूनही सुटतो. ब आणि क हे पर्याय नुसते जागा भरायला आले आहेत.

आता हा बघा : निरोप ऐकल्यावर मित्राला आपल्या तयारीत काय बदलावं लागेल? (अ) घरून लवकर निघावं लागेल (ब) दुसरं पादत्राण घ्यावं लागेल (क) सोबत छत्री ठेवावी लागेल. तिन्ही गोष्टी न ऐकणाऱ्याला सारख्याच पटतात. ‘चार’ एवढंच ज्याच्या कानावर पडलं तो अ कडे वळेल. ‘पाऊस’ एवढाच शब्द ज्याने पकडला तो क निवडेल. ब निवडायला बूट आणू नको हे कळावं लागतं, आणि खेळायला तर जायचंच आहे, म्हणजे पायात दुसरं काहीतरी लागणार, हे जोडावं लागतं. ‘दुसरं पादत्राण’ हे शब्द निरोपात कुठेच नाहीत, तेव्हा शब्दाला शब्द जुळवून उत्तर सापडत नाही.

चुकीचा पर्याय कुठून आणायचा, याचं उत्तर या उदाहरणातच आहे. तो हवेतून आणायचा नाही. अर्धवट ऐकणाऱ्याला किंवा घाईत वाचणाऱ्याला काय ऐकू येईल, काय दिसेल, त्यातून तो काढायचा. असा पर्याय सुचत नसेल तर प्रश्नच टाकून द्या. ओढूनताणून चौथा पर्याय तर मुळीच घालू नका. तीन पर्याय पुरतात हे चाचण्यांवरच्या संशोधनातही दिसलं आहे. चौथा बहुधा असा निघतो की त्याला कोणी हातच लावत नाही.

उलट बाजूचा धोकाही आहे. योग्य पर्यायात उताऱ्यातले शब्द बदलून लिहिताना तो इतका अवघड करू नका की उतारा कळला पण पर्याय कळला नाही अशी गत व्हावी. पर्यायांची भाषा उताऱ्यापेक्षा सोपीच हवी. शिवाय बरोबर पर्याय नेहमी सर्वांत लांब ठेवण्याची पेपर काढणाऱ्यांना खोड असते. बिनचूक लिहायच्या नादात त्यात जास्तीचे दोन शब्द घातले जातात. मुलांना ही खोड आपल्या आधी कळलेली असते. ‘वरील सर्व’ आणि ‘यांपैकी नाही’ हे दोन्ही कायमचे हद्दपार करा.

चूक की बरोबर या प्रकारात नाणं उडवलं तरी निम्मे गुण मिळतात. वाचनात तिसरा पर्याय जोडा : ‘उताऱ्यात दिलेलं नाही’. मग मुलाला आपल्या डोक्यातलं ज्ञान आणि समोरचा मजकूर वेगळे ठेवावे लागतात. श्रवणात मात्र हा पर्याय देऊ नका. एखादी गोष्ट सांगितलीच नाही याची खात्री करायला मागे जाऊन बघण्याची सोय तिथे नाही.

श्रवणाला आणखी दोन नियम. प्रश्नांचा क्रम बोलण्याच्या क्रमानेच हवा. आणि दोन उत्तरं एकाच दमात येता कामा नयेत, मध्ये निदान दोन-तीन वाक्यं जाऊ द्या. पहिलं उत्तर लिहिण्यात मान खाली गेली की दुसरं निसटतं, आणि मग तुम्ही लिहिण्याचा वेग मोजत बसता. ‘फिफ्टीन’ की ‘फिफ्टी’ असले ध्वनीचे फरक पकडायला लावणारा प्रश्न एखादा ठीक. सगळा पेपर त्यावर बेतू नका.

उतारा काढून घेऊन पेपर सोडवायला द्या

ही पायरी सगळे गाळतात. उतारा किंवा रेकॉर्डिंग न देता फक्त प्रश्न चार-पाच सहकाऱ्यांना सोडवायला द्या. तीन पर्यायांचे 15 प्रश्न असतील तर निव्वळ अंदाजाने सरासरी 5 बरोबर यायला हवेत. सरासरी 8-9 च्या घरात गेली तर पेपर गळका आहे. कोणता प्रश्न सगळ्यांचा बरोबर आला ते बघा आणि तो बदला. नंतर उताऱ्यासकट पुन्हा सोडवून घ्या. इथे दोन सहकाऱ्यांची उत्तरं वेगळी आली तर वाद घालून आपलं उत्तर पटवू नका. ज्या प्रश्नाचं उत्तर शिक्षकांना पटवावं लागतं, तो मुलांना देण्याजोगा नसतो.

परीक्षेच्या दिवशी

स्पीकर लावून शेवटच्या बाकावर स्वतः बसून ऐका. रेकॉर्डिंग एकच वापरा. प्रत्येक तुकडीत वेगळ्या शिक्षकाने वाचून दाखवलं तर प्रत्येक तुकडीची परीक्षा वेगळी झाली.

तपासणी

श्रवणाच्या एका शब्दाच्या उत्तरात स्पेलिंगचे गुण कापू नका. शब्द ओळखू येतो ना, मग पूर्ण गुण. स्पेलिंगसाठी वेगळा प्रश्न काढा. सविस्तर उत्तर हवं असेल तर मातृभाषेत लिहायची मुभा द्या. ‘मग इंग्रजीचा पेपर कसला?’ असं कोणीतरी म्हणतंच. समजणं तपासायचं आहे, तर न समजल्यामुळे रिकामी राहिलेली ओळ आणि लिहिता न आल्यामुळे रिकामी राहिलेली ओळ यांत फरक दिसायला हवा. इंग्रजी उत्तराची सक्ती केली की दोन्ही सारख्याच दिसतात. श्रवण आणि वाचन यांचे गुणही वेगवेगळे दाखवा. वाचनात 18 आणि श्रवणात 6 मिळवणाऱ्या मुलाला ‘एकूण 24’ सांगून काही कळत नाही.

गुण दिल्यावर पेपर तपासा

मुलांचे पेपर तपासून झाले की तुमचा पेपर तपासायचा. उत्तरपत्रिका गुणांच्या क्रमाने लावा. वरचे 27 टक्के आणि खालचे 27 टक्के वेगळे काढा. हे प्रमाण ट्रूमन केली यांनी 1939 मध्ये हिशेब मांडून सुचवलेलं आहे. 60 जणांच्या वर्गात हे 16-16 होतात. आता प्रत्येक प्रश्नाला वरच्या गटातले किती बरोबर आणि खालच्या गटातले किती, ते मोजा. वरचे 14 आणि खालचे 5, तर प्रश्न उत्तम. दोन्हीकडे 15-16, तर त्याने काहीच वेगळं दाखवलं नाही. तो सुरुवातीला धीर यावा म्हणून एखादा ठेवा, जास्त नको. खालच्या गटाला वरच्यापेक्षा जास्त बरोबर आले, तर आधी उत्तरसूची उघडा. बहुतेक वेळा तिथेच चूक असते, किंवा हुशार मुलांना दुसऱ्या पर्यायातही तथ्य दिसलेलं असतं. असा प्रश्न रद्द करून सगळ्यांना गुण द्या.

शेवटी चुकीच्या पर्यायांवर नजर टाका. वर्गातल्या 20 जणांनी छत्री निवडली असेल, तर ती मुलं ओळखीचा शब्द कानावर पडला की ऐकणं थांबवतात. त्यांना शब्दार्थांची आणखी एक यादी देऊन काही होणार नाही. पुढच्या तासाला तोच निरोप पुन्हा लावा, ‘पाऊस’ या शब्दावर थांबवा, आणि इथून पुढे तो काय म्हणेल असं तुम्हाला वाटतं, ते विचारा.