रात्री दोनचं पान

एखादं जनुक झाडात चालू आहे की बंद, हे सांगायला सकाळी अकराला खुडलेलं एक पान पुरत नाही. तेच जनुक पहाटे भरात असेल आणि संध्याकाळी जवळपास गप्प. म्हणून दर चार तासांनी, सलग दोन दिवस नमुने घ्या. शून्य ते अठ्ठेचाळीस तास म्हणजे १३ वेळा, दर वेळी ३, एकूण ३९ ट्यूब. लेबलं आदल्या दिवशीच लावा. रात्री दोनला झोपेच्या गुंगीत आकडे चुकतातच.

अराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या छोट्या झाडाची रोपं आधी दोन आठवडे १२ तास उजेड, १२ तास अंधार अशी वाढवा. दिवा लागतो तो शून्य तास. वहीत हेच तास लिहायचे, भिंतीवरच्या घड्याळाचे नाहीत. शून्य आणि बाराव्या तासाचे नमुने दिवा लागायच्या किंवा विझायच्या आधी उरका.

एका रोपाचं पान दोनदा घेऊ नका. खुडल्याची जखम रोपाला लगेच कळते आणि बरीच जनुकं तिच्यापायी जागी होतात. दर वेळी नवं रोप, तेही ट्रेच्या वेगवेगळ्या भागांतून.

सगळ्यात जपायचं ते अंधारात. फायटोक्रोम, म्हणजे झाडातलं उजेड टिपणारं प्रथिन, लाल उजेड चटकन ओळखतं, म्हणून मंद हिरवा दिवाच वापरा. एकदा माझ्या विसाव्या तासाला कुणीतरी दार उघडून ट्यूबलाइट लावली, दोन-तीन सेकंदच. ते नमुने मी टाकून दिले आणि अख्खा प्रयोग पुन्हा केला. आजही तसंच करीन. पान कापलं की फॉइलमध्ये गुंडाळून थेट लिक्विड नायट्रोजनमध्ये, मग उणे ८० अंशांत.

क्यूपीसीआर, म्हणजे जनुक किती चालू आहे हे मोजणारी चाचणी, करताना सीसीए१ आणि टीओसी१ ही दोन जनुकं नेहमी सोबत लावा. पहिलं पहाटे शिखर गाठतं, दुसरं तिन्हीसांजेला. दोघं एकमेकांना दाबतात. दिवस-रात्रीचा ताल राखणाऱ्या, झाडाच्या आतल्या घड्याळाचा गाभा त्यावर उभा आहे. त्यांच्या चढउताराच्या लाटा उलट दिसल्या तर आधी ट्यूबची अदलाबदल झाली का ते पाहा. तुलनेला पीपी२ए हे जनुक घ्या, ते दिवसभर बरंचसं सपाट राहतं.

उजेड यायच्या आधीच सीसीए१ चढू लागतं. एवढंसं रोप दिवसाच्या तयारीला लागलेलं असतं, याचं मला अजून अप्रूप वाटतं. पण लाट घड्याळाची की नुसत्या उजेडाची, हे एवढ्याने ठरत नाही. फ्रेंच शास्त्रज्ञ द मेरां यांनी १७२९ मध्ये लाजाळूचं रोप अंधारात ठेवलं, तरी पानं वेळेवर उघडत-मिटत राहिली. तुम्ही दुसऱ्या खेपेला दिवा सतत चालू ठेवा आणि तेच ३९ नमुने पुन्हा घ्या. साधारण २४ तासांनी लाट परत आली, तर ती रोपाची स्वतःची.